वर्डमधल्या मजकुराचे वेबपान कसे करावे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल, गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, माजी विद्यार्थी संघाची स्मरणिका किंवा एखाद्या अभ्यासकाने वर्षानुवर्षे जमवलेली ग्रामनामांची सूची, असा कितीतरी मराठी मजकूर आज वर्डच्या किंवा तशाच कामाच्या लिबरऑफिस रायटर या मोफत सॉफ्टवेअरच्या फाइलींत पडून आहे. तो लोकांपुढे ठेवायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी त्याची पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवली जाते. छपाईसाठी पीडीएफ उत्तम आहे, यात शंका नाही. पण फोनवर ती वाचताना प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते, आणि देवनागरी पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर वेलांट्या आणि जोडाक्षरे अनेकदा जागा सोडतात. तोच मजकूर वेबपान म्हणून ठेवला तर तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जातो, शोधला की सापडतो आणि दृष्टिहीन वाचकाला यंत्राच्या आवाजात ऐकताही येतो. मराठी मजकुरासाठी हा मार्ग अधिक वापरला जावा असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. हे काम ‘सेव्ह ॲज’वर टिचकी मारण्याच्या क्षणी होत नसून त्याच्या आधी मूळ फाइलीतच होते. मूळ फाइल नीट बांधलेली असेल तर पुढचे रूपांतर काही मिनिटांचे आहे. ती विस्कळीत असेल तर कोणतेही साधन तिच्यातून चांगले वेबपान काढून देऊ शकत नाही. म्हणूनच या लेखाचा मोठा भाग जतन करण्यापूर्वीच्या तयारीविषयी आहे. उदाहरण म्हणून आपण वाचनालयाचा वार्षिक अहवाल समोर ठेवू: त्यात अध्यक्षांचे मनोगत, ग्रंथसंख्येचा तक्ता, वर्षभरातील कार्यक्रमांचे वृत्त, काही छायाचित्रे आणि जमाखर्च आहे.

वर्डची फाइल आणि वेबपान

२००७ पासून वर्डची नेहमीची फाइल ‘डॉक्स-एक्स’ या प्रकारची असते आणि ती प्रत्यक्षात एक झिप केलेले गाठोडे असते. खात्री करायची असेल तर फाइलीची प्रत काढून तिच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे बदलून ‘झिप’ करावीत आणि ती उघडावी. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात मजकुराची फाइल असते आणि ‘मीडिया’ या उपफोल्डरमध्ये आपण अहवालात घातलेली सारी छायाचित्रे असतात. कोणी अहवाल फक्त वर्डमध्ये पाठवला असेल आणि छायाचित्रे वेगळी मिळत नसतील, तर ती काढून घेण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

वेबपान याहून साधे असते. एचटीएमएल फाइल म्हणजे निव्वळ मजकुराची फाइल. कोनकंसांत दिलेल्या खुणा हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे असे सांगतात आणि ब्राउझर त्या खुणा वाचून पान मांडतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि त्यानंतर ही खुणांची भाषा घडवली, तेव्हापासून तिचा मूळ हेतू हाच आहे: मजकुराचा कोणता भाग काय आहे ते लेखकाने सांगावे आणि तो कसा दिसावा ते वाचकाच्या पडद्यावर ठरावे. वर्डची सवय याच्या नेमकी उलट आहे, कारण तिथे समोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-फोर कागद गृहीत धरलेला असतो आणि आपण अक्षरे त्या कागदावर हाताने बसवत असतो. पुढे ज्या अडचणी येतात त्यांतील बहुतेक या एका फरकातून निघतात.

पहिली पायरी: मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, ते पाहणे

युनिकोड म्हणजे जगातल्या लिपींतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत. मराठीत काम करणाऱ्यांनी ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण ती चुकली तर बाकीचे सगळे श्रम वाया जातात. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीबरोबर आलेले ‘डीव्हीबी-टीटी’ने सुरू होणाऱ्या नावांचे फॉन्ट वापरून केलेल्या फाइलींत दिसायला मराठी असते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यांच्यावर फक्त देवनागरी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर असे पान उघडले की वाचकाला अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. शोधयंत्रालाही तीच दिसते.

परीक्षा सोपी आहे. एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये किंवा ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवावा. देवनागरी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरे उमटली तर जुन्या पद्धतीचा आहे. एकाच अहवालात दोन्ही प्रकार असू शकतात, कारण मनोगत एकाने टंकलेले असते आणि जमाखर्च दुसऱ्याने, तेव्हा प्रत्येक विभागातला थोडा मजकूर तपासून घ्यावा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची अक्षररचना वेगळी असल्यामुळे नेमक्या त्याच फॉन्टचा रूपांतरक वापरावा लागतो. रूपांतर झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घालणे टाळता येत नाही, आणि चुका कुठे होतात ते माहीत असले तर हे वाचन लवकर होते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी, दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे उलट आहे: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये आधी र, मग हलन्त आणि मग ते अक्षर असा क्रम असतो. म्हणून ‘कार्यकर्त्यांनी’, ‘वर्षांपूर्वी’, ‘निर्मितीच्या’ असे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. जिथे तुटक ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एकटी वेलांटी दिसते, तिथे क्रम बिघडला आहे हे नक्की समजावे.

युनिकोडमधला मजकूर असला तरी मराठीपुरती एक जागा जपण्यासारखी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ या जोड्यांत अर्थाचा फरक केवळ र कसा जोडला आहे यावर उभा आहे. त्यातला पहिला प्रकार दोन रीतींनी लिहिला जातो: एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साध्या र नंतर हलन्त आणि मग न दिसणारे जोडचिन्ह घालतात. मजकूर ‘साफ’ करणारी काही साधने हे न दिसणारे चिन्ह कचरा समजून काढून टाकतात, आणि मग डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. शिवाय साध्या शोधात या दोन लिखाणांची गाठ पडेलच असे नाही. माझी शिफारस अशी, की संपूर्ण फाइलीत ‘शोधा आणि बदला’ चालवून सर्वत्र ऱ या अक्षराचीच रीत ठेवावी.

दुसरी पायरी: मजकुराला रचना देणे

आता अहवालाकडे वळू. ‘कार्यक्रमांचे वृत्त’ हे शब्द ठळक करून आकार १८ केला, की कागदावर शीर्षक झाले असे आपल्याला वाटते. पण वर्डच्या दृष्टीने तो अजून मोठ्या अक्षरांतला साधा परिच्छेदच असतो आणि वेबपानावरही तो तसाच उतरतो. त्याऐवजी कर्सर त्या ओळीत ठेवून ‘होम’ पट्टीतील ‘स्टाइल्स’मधून ‘हेडिंग १’ किंवा ‘हेडिंग २’ निवडावे. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ या कळा एकत्र दाबल्या की हेच होते. रायटरमध्ये कंट्रोल आणि १ पुरते, आणि सगळ्या स्टाइल्स पाहायच्या असतील तर एफ-११ ही कळ आहे. अहवालाच्या नावाला पहिली पातळी, मनोगत, ग्रंथसंपदा, कार्यक्रम, जमाखर्च यांना दुसरी, आणि कार्यक्रमांतील ‘वाचन प्रेरणा दिन’, ‘ग्रंथप्रदर्शन’ अशा पोटविभागांना तिसरी पातळी द्यावी. पातळ्या क्रमाने उतराव्यात. अक्षर लहान दिसते म्हणून दुसरीवरून एकदम चौथीवर उडी घेऊ नये. दिसणे आवडले नाही तर स्टाइलवर उजवी टिचकी मारून ‘मॉडिफाय’ने तिचेच रूप बदलावे, म्हणजे सर्व शीर्षके एकदम बदलतात. पडदा-वाचक सॉफ्टवेअर वापरणारा दृष्टिहीन वाचक या शीर्षकांवरूनच पानात पुढे-मागे जातो. खरे शीर्षक नसेल तर त्याला सगळा अहवाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत बसावे लागते.

यानंतर न दिसणाऱ्या खुणा दाखवणारे बटण दाबावे. ते उलट्या ‘पी’सारखे दिसते. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळांनी वर्डमध्ये, तर कंट्रोल आणि एफ-१० यांनी रायटरमध्ये तेच होते. आपण फाइलीत काय काय पेरून ठेवले आहे ते आता दिसेल. दोन परिच्छेदांत अंतर पडावे म्हणून दाबलेले रिकामे एंटर, अध्यक्षांचे नाव उजवीकडे जावे म्हणून दाबलेले चाळीस-पन्नास स्पेस, जमाखर्चाचे आकडे एकाखाली एक यावेत म्हणून मारलेले टॅब, ओळ ठरावीक शब्दावर तुटावी म्हणून मध्येच घातलेला ओळभंग: हे सगळे कागदावर शोभून जाते आणि फोनच्या अरुंद पडद्यावर कोसळते. एचटीएमएल सलग आलेल्या अनेक स्पेसची एकच स्पेस करते, आणि ते टाळण्यासाठी वर्डने न तुटणाऱ्या स्पेस भरल्या तर ओळ पडद्याबाहेर जाते. रिकामे परिच्छेद एकदम काढायचे असतील तर वर्डच्या ‘रिप्लेस’ चौकटीत शोधण्यासाठी टोपीचे चिन्ह आणि रोमन पी ही जोडी दोनदा लिहावी, बदलण्यासाठी एकदा लिहावी, आणि बदल शून्य दाखवीपर्यंत आज्ञा पुन्हा चालवावी. मग परिच्छेदांतले अंतर स्टाइलमध्ये द्यावे. अध्यक्षांच्या नावाला ‘अलाइन राइट’ने उजवी मांडणी द्यावी, आणि जमाखर्चाचा खरा तक्ता करावा.

काही गोष्टी वेबपानावर येतच नाहीत, किंवा मोडून येतात. पानाच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांतील मजकूर आणि पृष्ठक्रमांक गळून पडतात, म्हणून संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक फक्त वरच्या पट्टीत असतील तर ते मुख्य मजकुरात आणावेत. वर्तमानपत्री स्तंभ उलगडून एकच स्तंभ होतो. मजकूर-चौकटी आणि वर्डआर्ट यांची जागा हलते. त्यांतला मजकूर बाहेर काढून साध्या परिच्छेदात ठेवणे हाच उपाय. ‘पृष्ठ १२ पाहा’ अशा सूचनांना वेबपानावर अर्थ उरत नाही. तिथे त्या विभागाकडे नेणारी लिंक द्यावी. तळटीपा मात्र चांगल्या उतरतात: त्या पानाच्या शेवटी एकत्र येतात आणि आकड्यावर टिचकी मारून जा-ये करता येते. संशोधनपर लेखांसाठी ही मोठी सोय आहे, फक्त तळटीप ‘इन्सर्ट फूटनोट’नेच घातलेली हवी, हाताने लिहून वर चढवलेला आकडा चालत नाही.

लिंक देताना ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता ‘मागील वर्षाचा अहवाल’ असे शब्द निवडून त्यांवर लिंक घालावी.

तिसरी पायरी: चित्रे आणि तक्ते

फोनवर काढलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र सुमारे ४००० बाय ३००० बिंदूंचे आणि काही मेगाबाइटचे असते. वर्डमध्ये कोपरा ओढून ते लहान केले तरी फाइलीत सगळे बिंदू बहुधा तसेच राहतात. वाचनालयाच्या अहवालासाठी १२०० बिंदूंची रुंदी भरपूर झाली. कोणत्याही साध्या चित्र-संपादकात तेवढी करून जेपीईजी म्हणून जतन केले, की आकार सहसा काहीशे किलोबाइटांवर येतो. असे लहान केलेले चित्रच फाइलीत घालावे आणि त्याची मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ अशी ठेवावी, म्हणजे ते परिच्छेदांच्या मध्ये आपल्या जागी राहते. मजकुराभोवती तरंगणारी चित्रे रूपांतरात भरकटतात.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. चित्रावर उजवी टिचकी मारून ‘एडिट ऑल्ट टेक्स्ट’ निवडले की चौकट उघडते. ‘फोटो १’ किंवा ‘कार्यक्रमाचे छायाचित्र’ असे लिहून काहीच साधत नाही. ‘ग्रंथप्रदर्शनात बालविभागाच्या टेबलाभोवती उभे असलेले विद्यार्थी’ असे लिहिले, तर न पाहणाऱ्यालाही चित्र कळते. वर्तमानपत्राचे कात्रण चित्र म्हणून लावले असेल तर त्यातला महत्त्वाचा मजकूर खाली टंकून द्यावा. सूचनेचे किंवा निमंत्रणपत्रिकेचे नुसते चित्र चढवण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे, आणि तिच्यामुळे तारीख, वेळ, स्थळ यांपैकी काहीही शोधून सापडत नाही.

तक्त्यांबाबत एवढे पाळावे: तक्ता फक्त तक्त्यासारख्या माहितीसाठी वापरावा, मजकूर आजूबाजूला बसवण्यासाठी नाही, आणि वर्डमध्ये पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ चालू करावे. आठ-दहा रकान्यांचा तक्ता फोनवर मावत नाही. ग्रंथसंख्येच्या तक्त्यात कादंबरी, कथा, चरित्र, बालसाहित्य, संदर्भ असे प्रकार आडवे मांडलेले असतील तर ते उभे करावेत, म्हणजे डावीकडे प्रकार आणि उजवीकडे आरंभीची संख्या, भर आणि एकूण असे चारच रकाने उरतात. विलीन केलेले कप्पे शक्यतो सोडवून टाकावेत.

चौथी पायरी: नाव, भाषा आणि जतन करणे

जतन करण्यापूर्वी ‘फाइल’ मेनूतील ‘इन्फो’ या भागात ‘टायटल’च्या जागी पानाचे पूर्ण मराठी नाव लिहावे. ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात हेच नाव दिसते. ते रिकामे सोडले तर वर्ड कधी पहिल्या ओळीतले शब्द उचलते, कधी कोणत्या जुन्या फाइलीचे नाव तिथे राहून जाते. नंतर सर्व मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’ पट्टीतील ‘लँग्वेज’मधून प्रूफिंगची भाषा मराठी करावी. रायटरमध्ये ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘कॅरेक्टर’ चौकटीत गुंतागुंतीच्या लिपींसाठी वेगळी भाषा निवडायची सोय आहे, तिथे मराठी निवडावी. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी आणि कोकणी यांची सामाईक लिपी आहे, त्यामुळे भाषा सांगितल्याशिवाय वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मराठी उच्चार निवडता येत नाहीत. काही फॉन्ट तर भाषा मराठी असल्याचे कळल्यावरच ल आणि श यांची आपल्या सवयीची वळणे दाखवतात.

फाइलीचे नाव रोमन लहान लिपीत, स्पेस न देता, शब्दांमध्ये आडवी रेघ घालून ठेवावे. संकेतस्थळाच्या फाइली ज्या यंत्रांवर राहतात ते सर्व्हर बहुतेक लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि तिथे मोठ्या व लहान रोमन अक्षरांत फरक केला जातो. घरच्या विंडोजवर चाललेली लिंक तिथे याच कारणाने तुटते. संकेतस्थळाच्या फोल्डरमधले मुख्य पान असेल तर त्याचे नाव सहसा ‘इंडेक्स’ असावे लागते.

आता मूळ फाइल नेहमीच्या प्रकारात एकदा जतन करावी, आणि मगच पुढे जावे. विंडोजवरच्या वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ निवडून फाइलीचा प्रकार ‘वेब पेज, फिल्टर्ड’ असा घ्यावा. नुसते ‘वेब पेज’ घेतले तर वर्ड ती फाइल पुन्हा स्वतःला उघडता यावी म्हणून आपल्या खासगी खुणांचा डोंगर त्यात ठेवते. ‘फिल्टर्ड’मध्ये त्यांतल्या बऱ्याच निघून जातात. ‘सेव्ह’ बटणाशेजारच्या ‘टूल्स’मध्ये ‘वेब ऑप्शन्स’ आहे, त्यातील ‘एन्कोडिंग’ (अक्षरसंकेत) या भागात ‘युनिकोड यूटीएफ-८’, म्हणजे युनिकोड अक्षरे फाइलीत साठवण्याची रूढ रीत, निवडावे. हे न निवडल्यास फाइलीच्या आत ‘म’ या अक्षराच्या जागी २३५० हा आकडा असलेली सांकेतिक खूण दिसू लागते. ब्राउझरमध्ये पान ठीक दिसते, पण पुढे कोणाला त्यात हाताने एक शब्द सुधारायचा असेल तर वाचता येत नाही. जतन झाल्यावर पडद्यावर उघडी राहते ती वेबपानाची फाइल, मूळची नव्हे, हे विसरू नये; ती बंद करून मूळ फाइल पुन्हा उघडावी.

रायटरमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून ‘एचटीएमएल डॉक्युमेंट (रायटर)’ हा प्रकार घ्यावा. ग्रामनामांच्या सूचीसारखा मोठा मजकूर असेल तर ‘फाइल’ मेनूतील ‘सेंड’ खाली ‘क्रिएट एचटीएमएल डॉक्युमेंट’ ही आज्ञा आहे. ती शीर्षकांच्या पातळीनुसार एका फाइलीची अनेक पाने करून देते, आणि आपण दुसऱ्या पायरीत शीर्षके नीट दिली असतील तर ही विभागणी अगदी जागच्या जागी पडते. गूगल डॉक्स वापरणाऱ्यांना ‘फाइल’मधील ‘डाउनलोड’ खाली वेबपानाचा पर्याय मिळतो आणि पान व चित्रे एकाच झिपमध्ये हाती येतात.

वर्ड आणि रायटर यांत निवड करायची असेल तर वेबपानासाठी मी रायटरच्या बाजूने आहे. क्रमांकित यादी हे त्याचे मुख्य कारण. वर्डच्या फिल्टर्ड पानात यादीचे मुद्दे अनेकदा साध्या परिच्छेदांसारखे उतरतात आणि आकड्यांपुढचे अंतर न तुटणाऱ्या स्पेसनी भरलेले असते. रायटर खरी यादी देते. लिबरऑफिस मोफत आहे, मराठी मेनूंसह मिळते आणि वर्डच्या फाइलीही उघडते, तेव्हा वर्डमध्ये लिहून रायटरमधून वेबपान काढण्यातही काही अडचण नाही.

ज्यांना आज्ञा टंकून काम करण्याची भीती वाटत नाही, त्यांनी पँडॉक हे मोफत साधन अवश्य पाहावे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. ते वर्डच्या फाइलीतून केवळ रचना उचलते, म्हणजे शीर्षके, परिच्छेद, याद्या, तक्ते, तळटीपा आणि लिंका, आणि फॉन्ट, रंग, आकार बहुतांशी सोडून देते. स्टाइल्स नीट लावलेल्या फाइलीतून त्याने काढलेले पान अत्यंत स्वच्छ असते. स्टाइल्स लावल्याच नसतील तर मात्र सगळा अहवाल सपाट परिच्छेदांचा होऊन बाहेर येतो.

पाचवी पायरी: पानाच्या आत तीन दुरुस्त्या

एचटीएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ वापरते. त्याआधीच्या संगणकावर जतन करताना ‘एन्कोडिंग’ तपासावे, कारण तिथे ‘एएनएसआय’ हा जुना संकेत राहिला तर सर्व देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळत नाहीत.

पहिली दुरुस्ती भाषेची. वरच्या भागात एचटीएमएल हा शब्द असलेल्या कोनकंसात ‘लँग’ हा गुणधर्म असावा आणि त्याचे मूल्य रोमन लहान लिपीत एम, आर ही दोन अक्षरे असावे. वर्ड तिथे किंवा ‘बॉडी’च्या कंसात पुष्कळदा इंग्रजीची खूण ठेवते, ती बदलावी. दुसरी अक्षरसंकेताची. ‘हेड’ विभागात ‘चारसेट’ यूटीएफ-८ असल्याची नोंद हवी. ती नसेल आणि सर्व्हरनेही संकेत सांगितला नसेल, तर वाचकाला डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे कधी चलनाचे गोल चिन्ह, कधी जपानी येनचे चिन्ह अशी माळ दिसते. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटचे असते आणि त्यांतील पहिले दोन जवळजवळ तेच ते असतात. अशी माळ दिसली तर घाबरू नये. मजकूर शाबूत असतो, फक्त चुकीच्या संकेताने वाचला जात असतो.

तिसरी दुरुस्ती फोनसाठी. पानाने पडद्याचीच रुंदी घ्यावी असे सांगणारी ओळ नसेल तर फोनचा ब्राउझर पान सुमारे ९८० बिंदू रुंद आहे असे धरून ते आक्रसून दाखवतो. ‘हेड’ विभागात ‘मेटा’ खूण घालावी, तिचे ‘नेम’ ‘व्ह्यूपोर्ट’ असावे आणि ‘कंटेंट’मध्ये ‘विड्थ’, मग बरोबरचे चिन्ह आणि मग ‘डिव्हाइस-विड्थ’ असे लिहावे; अर्थात हे सर्व रोमन लहान अक्षरांत.

फॉन्टचे काय, असा प्रश्न इथे येतो. वर्ड आपण वापरलेल्या फॉन्टचे नाव पानात लिहून ठेवते, पण फॉन्ट पाठवत नाही. तो वाचकाकडे नसेल तर त्याच्या यंत्रातील देवनागरी फॉन्ट वापरला जातो, आणि युनिकोड मजकुरासाठी हे चांगलेच आहे: विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो हे सहसा असतातच. विशिष्ट वळणच हवे असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात आणि वेबपानाला जोडता येतात. माझ्या मते नवख्याने फॉन्टपेक्षा ओळींतील अंतराकडे आधी पाहावे. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे रोमन मजकुराला पुरणारे अंतर दाटीचे होते, ‘लाइन-हाइट’ १.६ च्या आसपास ठेवली की लांब परिच्छेद सुखाने वाचता येतो.

चढवणे आणि राखणे

पानाबरोबर त्याची चित्रेही चढवावी लागतात. वर्ड ती पानाच्याच नावापुढे ‘फाइल्स’ जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवते, रायटर पानाच्या शेजारीच ठेवते. फोल्डरचे नाव बदलले किंवा तो मागे राहिला, की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. मजकूर संकेतस्थळ चालवण्याच्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत घालायचा असेल तर ही फाइल लागतच नाही. वर्डमधून थेट चिकटवले तरी शीर्षके आणि याद्या चांगल्या येतात, मात्र चित्रे स्वतंत्रपणे चढवावी लागतात.

तपासणी दुसऱ्याच्या यंत्रावर करावी. आपल्या संगणकावर आपले फॉन्ट असतात आणि चित्रांचे मूळ फोल्डरही असतात, त्यामुळे तिथे सगळे नेहमीच ठीक दिसते. साध्या अँड्रॉइड फोनवर पान उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: पान आडवे सरकवावे लागते का, चित्रे दिसतात का, आणि ब्राउझरच्या ‘पानात शोधा’मध्ये फोनच्या मराठी कळफलकावरून टंकलेला ‘दुसऱ्या’सारखा शब्द सापडतो का. शेवटची तपासणी लहान वाटली तरी अक्षरसंकेत, युनिकोड आणि ऱ ची रीत या तिन्हींची परीक्षा तीत एकदम होते.

राहिला प्रश्न पुढच्या सुधारणांचा. जमाखर्चातला एखादा आकडा चुकला, तर तो वर्डमध्ये दुरुस्त करायचा की वेबपानात, हे संस्थेने एकदाच ठरवून लिहून ठेवावे. मूळ फाइल हीच खरी प्रत मानली, तर प्रत्येक दुरुस्ती तिथे करून पान नव्याने काढावे लागते आणि पाचव्या पायरीतील तीन दुरुस्त्या दर वेळी पुन्हा कराव्या लागतात. त्या कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवून ठेवल्या तर विसरल्या जात नाहीत. पान हीच खरी प्रत मानली, तर वर्डची फाइल ‘जुनी’ असे नाव देऊन बाजूला ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीचा कार्यवाह ती उघडून सुधारलेल्या पानावर जुने आकडे पुन्हा चढवणार नाही. वर्षातून एकदाच बदलणाऱ्या अहवालासाठी पहिली पद्धत बरी. दर महिन्याला भर पडणाऱ्या ग्रंथयादीसाठी दुसरी.